एडना मेचा राजीनामा

मार्च १९९२. सत्यजित राय कलकत्त्याच्या रुग्णालयात अंथरुणावर होते. ऑस्करचा मानाचा पुरस्कार घ्यायला अमेरिकेला जाणं शक्यच नव्हतं, म्हणून तो पुतळाच त्यांच्यापर्यंत आणला गेला. पुतळा हातात धरून पडल्या पडल्या त्यांनी जे चार शब्द सांगितले ते चित्रित झाले आणि ३० मार्चला लॉस एंजेलिसच्या समारंभात दाखवले गेले. आयुष्यभराच्या कामाचा गौरव होत असताना माणूस कुणाची नावं घेईल? गुरूंची, आईची, फार तर आवडत्या दिग्दर्शकांची. रायांनी सुरुवात केली ती दोन नट्यांपासून. शाळकरी वयात सिनेमाचं वेड लागलं, डिॲना डर्बिनला पत्र लिहिलं, तिचं उत्तर आलं, फार आनंद झाला. जिंजर रॉजर्सलाही लिहिलं होतं, तिचं काही आलं नाही.

जिंजर रॉजर्स हे नाव आजही लोकांना ठाऊक असतं, निदान फ्रेड ॲस्टेअरबरोबर नाचणारी म्हणून तरी. डिॲना डर्बिन कोण, हे मात्र तेव्हाच्या तरुण प्रेक्षकांनाही सांगावं लागलं असतं. आणि ती तर त्या दिवशी हयात होती. वय सत्तर, मुक्काम पॅरिसच्या पश्चिमेला नोफ्ल-ल-शातो नावाच्या लहानशा गावी. रायांना पाठवलेलं ते उत्तर तिने स्वतः लिहिलं होतं का? त्या काळची रीत पाहता पत्रव्यवहार खात्यातल्या कुणा कारकुनाने ते टंकित करून पाठवलं असण्याचीच शक्यता जास्त. पत्र लिहिणारा आणि पत्र मिळणारी दोघंही १९२१ सालची, म्हणजे एकाच वयाची. एकाने ते पत्र मरेपर्यंत लक्षात ठेवलं. दुसरीने, ज्या नावावर ते पत्र आलं होतं ते नावच सत्ताविसाव्या वर्षी कंपनीला परत करून टाकलं. हे प्रकरण त्या परतफेडीविषयी आहे.

तिचं खरं नाव एडना मे डर्बिन. जन्म ४ डिसेंबर १९२१ चा, कॅनडातल्या विनिपेगचा. आईवडील इंग्लंडमधून, लँकेशरकडून तिथे गेलेले. मुलगी तान्ही असतानाच कुटुंबाने विनिपेगची थंडी सोडली आणि दक्षिण कॅलिफोर्निया गाठलं. घरात पैसा बेताचाच. धाकटीच्या गळ्यात काहीतरी आहे हे आधी ओळखलं थोरल्या बहिणीने, आणि गाण्याच्या शिकवणीचे पैसेही तिनेच भरले. हॉलिवूडमधल्या बालतारकांच्या मागे बहुधा एखादी हट्टी, महत्त्वाकांक्षी आई उभी असते. इथे ती दिसत नाही. मला वाटतं, पुढे या मुलीला सगळं सोडून चालतं होणं जमलं त्याला हेही एक कारण असावं.

१९३५ च्या सुमारास मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे एमजीएम, ही हॉलिवूडची सगळ्यात श्रीमंत कंपनी अर्नेस्टाइन शूमन-हाइंक या थोर ऑपेरा गायिकेच्या जीवनावर चित्रपट काढण्याच्या विचारात होती. बाईंच्या लहानपणच्या भूमिकेसाठी गाता येणारी मुलगी हवी होती. एडना मे मिळाली, करार झाला. मग शूमन-हाइंक आजारी पडल्या, १९३६ च्या नोव्हेंबरमध्ये वारल्याही, आणि तो चित्रपट कागदावरच राहिला. करारबद्ध मुलीचं करायचं काय? एमजीएमने तिला एका लघुपटात घातलं. नाव ‘एव्हरी संडे’, लांबी जेमतेम ११ मिनिटं.

एका लहान गावाच्या बागेत दर रविवारी एका आजोबांचा बँड वाजतो. ऐकायला माणसं येत नाहीत म्हणून गावचे कारभारी तो बंद करायला निघतात. मग नात आणि तिची मैत्रीण चौथऱ्यावर चढतात आणि गाऊ लागतात. एकीचं गाणं ऑपेराच्या वळणाचं, दुसरीचं जाझच्या. बागेत विखुरलेले लोक हळूहळू जवळ येतात. गोष्ट एवढीच. पण त्या दोन मुलींकडे पाहत राहावं. ऑपेरावाली ताठ उभी आहे, श्वास कुठे घ्यायचा हे तिला नेमकं ठाऊक आहे, सूर वर जाताना चेहऱ्यावर कसलाही ताण नाही. दुसरी खांदे उडवते, डोळे फिरवते, सगळ्या अंगाने गाते. पहिली आपली एडना मे, आता डिॲना झालेली. दुसरी जुडी गार्लंड. दोघी चौदा वर्षांच्या आतबाहेर.

यातली एकच एमजीएममध्ये राहिली. कंपनीचे प्रमुख लुई मेयर यांनी एकीला काढायला सांगितलं आणि हाताखालच्यांनी चुकून दुसरीला काढलं, अशी एक दंतकथा हॉलिवूडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ती ज्या चवीने सांगितली जाते त्यावरूनच मला तिची शंका येते. घडलं ते साधं होतं. डर्बिनच्या कराराची मुदत संपली आणि तो वाढवला गेला नाही. एमजीएममध्ये भूमिकांचं वाटप पाहणारा रूफस लमेअर नेमका तेव्हाच नोकरी बदलून युनिव्हर्सलला गेला होता. त्याने त्या मुलीला तिकडे नेलं.

युनिव्हर्सलची अवस्था त्या वर्षी फार वाईट होती. संस्थापक कार्ल लेमली यांनी ‘शो बोट’ हा जेरोम कर्नच्या संगीताचा भव्य चित्रपट पुरा करायला साडेसात लाख डॉलरचं कर्ज काढलं. ते वेळेवर फिटलं नाही आणि १९३६ च्या वसंतात सावकारांनी कंपनीच ताब्यात घेतली. पुढे ‘शो बोट’ उत्तम चालला, पण तोवर लेमली बाहेर पडले होते. नव्या मालकांना स्वस्तातलं आणि चटकन खपणारं काहीतरी हवं होतं. जो पास्टरनाक हा हंगेरीत जन्मलेला निर्माता आणि हेन्री कोस्टर हा नाझींच्या जर्मनीतून निसटलेला दिग्दर्शक हे दोघे नुकतेच युरोपातून येऊन दाखल झाले होते. कोस्टरचं इंग्रजी तर अजून अडखळत होतं. त्यांच्या हाती ही मुलगी आली.

‘थ्री स्मार्ट गर्ल्स’ १९३६ च्या डिसेंबरात लागला. आईवडील विभक्त झालेले, वडील न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या लग्नाच्या तयारीत. तीन बहिणी स्वित्झर्लंडहून थेट तिथे थडकतात आणि ते लग्न मोडून आईवडिलांची पुन्हा गाठ घालतात. धाकटी बहीण डिॲना. एका प्रसंगात ती घरातून पळते, पोलीस तिला ठाण्यावर आणतात आणि आपण ऑपेरा गायिका आहोत ही थाप खरी करून दाखवायला ती तिथेच आर्दितीचं ‘इल बाचो’ गाते. पोलीस ठाण्यात इटालियन वॉल्ट्झ! ही भट्टी इतकी जमली की पुढची दहा वर्षं युनिव्हर्सल तिच्यावरच चूल पेटवत राहिली. भाबडी, बडबडी, खटपटी मुलगी. तिच्यापुढे मोठ्या माणसांनी करून ठेवलेला गुंता. आणि गुंता सुटत नाहीसा झाला की एक गाणं. चित्रपटाला ऑस्करची तीन नामांकनं मिळाली, त्यात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचंही होतं.

एकट्या डर्बिनने युनिव्हर्सल बुडता बुडता वाचवली असं तिच्याविषयीच्या प्रत्येक लेखात छापलेलं असतं. हे प्रचारखात्याचं गणित आहे. कंपनी त्यानंतरही दोनेक वर्षं तोट्यातच होती, आणि ‘ड्रॅक्युला’ व ‘फ्रँकेन्स्टाइन’ हे जुने भयपट पुन्हा लावूनही तिने पैसा काढला. मात्र बँकेच्या माणसांना दाखवायला तिच्याकडे जे एक खणखणीत नाणं होतं ते ही मुलगी, यात शंका नाही.

आता तिच्या गाण्याविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. पार्श्वगायन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकीचा चेहरा आणि दुसरीचा गळा येतो. हॉलिवूडमध्ये ‘प्लेबॅक’चा मूळ अर्थ त्याहून साधा होता. गाणं आधी ध्वनिमुद्रणाच्या दालनात पूर्ण वाद्यवृंदासह मुद्रित करायचं. मग चित्रीकरणाच्या दिवशी तीच तबकडी मोठ्याने वाजवायची आणि नटीने तिच्याबरोबर ओठ हलवायचे. कॅमेऱ्याची घरघर, दिव्यांचा उकाडा, पुन्हा पुन्हा घ्यावे लागणारे शॉट यांचा गाण्याला उपद्रव होऊ नये म्हणून ही युक्ती. आवाज तिचाच आणि चेहराही तिचाच, फक्त वेगवेगळ्या दिवसांचे. यात खरी कसोटी असते ती घशाच्या शिरांची. नुसते ओठ हलवले तर ते पडद्यावर लगेच उघडं पडतं. श्वास जिथे घेतला होता तिथे छाती फुगली नाही तर प्रेक्षकाला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. डर्बिनच्या चित्रपटांत असं खटकत नाही. वरच्या सुराच्या आधी तिची हनुवटी किंचित खाली येते आणि मग सूर लागतो. ती चित्रीकरणाच्या वेळीही खरोखर गात असावी असं मला दर वेळी वाटतं.

आवाज सोप्रानो, म्हणजे स्त्रीच्या गळ्याची सगळ्यात वरची पट्टी. नवल होतं ते वयाचं. चौदाव्या वर्षी तो पोरसवदा नव्हता. भरलेला, गोल, बाईचा आवाज होता. याच कारणाने डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’साठी ती नापास झाली असं सांगतात, राजकन्येच्या मानाने आवाज फार मोठा वाटला म्हणून. युनिव्हर्सलने तिच्यासाठी आंद्रेस दे सेगुरोला हे स्पॅनिश गुरुजी नेमले. ते एके काळी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गायलेले. ऑपेराच्या मंचावर ती गेली असती तर काय झालं असतं, हा तिच्या चाहत्यांचा आवडता वाद. तो सुटायचा नाही, कारण ती गेलीच नाही. मायक्रोफोनच्या मदतीशिवाय तीन हजार माणसांच्या प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणं ही वेगळी मेहनत असते, आणि ती मेहनत करायची वर्षं या मुलीने कारखान्याच्या भोंग्यावर घालवली.

तिचा माझ्या मते सगळ्यात आनंदी चित्रपट म्हणजे १९३७ चा ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’. महामंदीचे दिवस. बाप ट्राँबोन वाजवणारा, बेकार. मुलगी त्याच्यासारखे शंभर बेकार वादक गोळा करते आणि त्यांच्या वाद्यवृंदापुढे उभं राहायला लिओपोल्ड स्टोकोव्स्कीला राजी करते. स्टोकोव्स्की म्हणजे त्या काळचा जगप्रसिद्ध संगीतसंचालक, आणि चित्रपटात तो स्वतःच स्वतःच्या भूमिकेत आहे. मुलगी त्याच्या वाद्यवृंदाच्या तालमीत घुसते, मोझार्टचं ‘आलेलुया’ गाते, तरी काम होत नाही. शेवटी ती शंभरच्या शंभर वादकांना गुपचूप त्याच्या घरात शिरवते. स्टोकोव्स्की खोलीतून बाहेर येतो आणि पाहतो तो काय, घराचा भव्य जिना, त्याचे कठडे, खालचा दिवाणखाना सगळा माणसांनी आणि वाद्यांनी भरलेला. लिस्टची दुसरी हंगेरियन ऱ्हॅप्सडी सुरू होते. तो वरच्या कठड्यापाशी उभा. आधी चेहऱ्यावर राग. मग कपाळाची आठी तशीच असताना बोटं हलू लागतात. मग मनगट. मग दोन्ही हात वर जातात आणि तो संचालन करू लागतो. त्या हातात छडी नाही. स्टोकोव्स्की एरवीही छडी वापरत नसे. गोष्ट अशक्य कोटीतली आहे, हे आपल्याला कळत असतं आणि तरी गळा दाटतो. बेकारीने गांजलेल्या प्रेक्षकांचं काय झालं असेल ते सांगायला नको. या चित्रपटाच्या संगीताला ऑस्कर मिळालं.

मग जे व्हायचं ते झालं. ग्रॉमनच्या चित्रपटगृहासमोरच्या ओल्या सिमेंटात तिच्या हातापायांचे ठसे उमटले, दुकानांत तिच्या चेहऱ्याच्या बाहुल्या आल्या, तिच्यासारखे झगे आले. १९३९ च्या फेब्रुवारीत तिला मिकी रूनीबरोबर बालकलाकारांचं छोटं ऑस्कर दिलं गेलं. त्याच साली ‘फर्स्ट लव्ह’मध्ये रॉबर्ट स्टॅक या नवख्या नटाने तिचं पहिलं चुंबन घेतलं, आणि युरोपात महायुद्ध पेटलेलं असताना वर्तमानपत्रांनी त्या चुंबनाला जागा दिली.

त्याच ‘फर्स्ट लव्ह’मधली तिची छायाचित्रं ॲमस्टरडॅममधल्या एका भिंतीवर आजही आहेत. १९४२ च्या जुलैत ॲन फ्रँकचं कुटुंब नाझींपासून लपायला प्रिन्सेनख्राख्त २६३ या इमारतीच्या मागच्या भागात गेलं. उघड्याबोडक्या खोलीला थोडं घरपण यावं म्हणून तेरा वर्षांच्या ॲनने भिंतीवर नटनट्यांची चित्रं डकवली, त्यांत डर्बिन होती. खिडकीतून बाहेर डोकावायचीही चोरी असलेल्या मुलीसमोर ही दुसरी मुलगी, जिच्या चित्रपटांत एका गाण्याने सगळे दरवाजे उघडतात. तिकडे सोव्हिएत रशियात वाढलेला चेलोवादक म्स्तिस्लाव रोस्ट्रोपोविच याने पुढे सांगितलं की आपल्यावर ज्यांचा संस्कार झाला त्यांत डर्बिन आहे, तिच्या सुरातली शुद्धता आपल्या वाद्यात यावी म्हणून आपण झटलो. रोस्ट्रोपोविच हा विसाव्या शतकातला थोर चेलोवादक, तेव्हा हे सिनेवेड्याचं बोलणं म्हणून सोडून देता येत नाही.

इकडे ती मुलगी वाढत होती, आणि नेमकी तीच कंपनीची अडचण होती. त्या काळचा स्टुडिओचा करार म्हणजे साधारण सात वर्षांची वेठ असे. दर वर्षी वा सहा महिन्यांनी करार चालू ठेवायचा की तोडायचा हे कंपनी ठरवणार. कलावंताला तो हक्क नाही. कथा कंपनी ठरवणार. नकार दिला तर बिनपगारी घरी बसायचं, आणि त्या घरी बसलेल्या आठवड्यांनी कराराची मुदत आणखी वाढणार. १९४१ साली डर्बिन वीस वर्षांची होत होती. एप्रिलमध्ये तिने लग्न केलं. तिचे चित्रपट घडवणारा पास्टरनाक युनिव्हर्सल सोडून एमजीएमला गेला. कंपनीने पुढची पटकथा हातात ठेवली ती तिने नाकारली. तिला निलंबित केलं गेलं. काही महिने ती घरी बसली आणि १९४२ च्या आरंभी समेट झाला तेव्हा दिग्दर्शक, कथा आणि गाणी या तिन्हींत आपलं मत विचारलं जाईल हे तिने कबूल करून घेतलं होतं. विशीतल्या पोरीने एवढं पदरात पाडून घेणं ही त्या गावात लहान गोष्ट नव्हती.

त्या हक्काचा तिने केलेला सगळ्यात धाडसी उपयोग म्हणजे १९४४ चा ‘ख्रिसमस हॉलिडे’. शीर्षकावर जाऊ नका. सॉमरसेट मॉमच्या कादंबरीवरून ‘सिटिझन केन’वाल्या हर्मन मँकविझने पटकथा लिहिली, दिग्दर्शक रॉबर्ट सिओडमाक. नायक जीन केली, पण नाचणारा नव्हे. वरून गोड आणि आतून सडलेला खुनी नवरा. डर्बिन त्याची बायको. नवरा तुरुंगात गेल्यावर ती नाव बदलते आणि न्यू ऑर्लिन्सच्या एका बदनाम क्लबात गाते. तिथे तिचा खरा धंदा काय, हे तेव्हाच्या नियमांमुळे पडद्यावर बोलता येत नव्हतं, पण कळायचं राहत नाही. गाणंही तिने बदललं आहे. आवाज खाली ओढलेला, कसलीही सजावट नाही, गाणारणीला गाण्यात रस उरलेला नाही अशी गायकी. इतक्या तयारीच्या गळ्याला मुद्दाम निर्जीव गाणं किती अवघड जात असेल.

त्या चित्रपटातला एक प्रसंग मी कितीदा तरी मागे नेऊन पाहिला आहे. ख्रिसमसच्या आदल्या रात्री वादळामुळे अडकलेला एक सैनिक तिला भेटतो. ती त्याला म्हणते, मला मध्यरात्रीच्या प्रार्थनेला घेऊन चला. कॅथेड्रल माणसांनी भरलेलं, मेणबत्त्या, वरून येणारे गायकवृंदाचे सूर. आधीच्या कुठल्याही डर्बिनपटात इथे काय झालं असतं? ती उभी राहिली असती, वृंदावरून तिचा सूर वर चढला असता, आजूबाजूच्यांनी माना वळवल्या असत्या. इथे ती गुडघ्यांवर कोसळते आणि हमसून हमसून रडते. गात नाही.

चित्रपटाने पैसा केला. तक्रारी मात्र अशा आल्या की जणू कुणाच्या घरातली लेक बिघडली. कंपनी घाबरली आणि तिला पुन्हा हसऱ्या चित्रपटांत नेऊन बसवलं. त्याच वर्षीचा ‘कान्ट हेल्प सिंगिंग’ हा तिचा एकमेव रंगीत चित्रपट, आणि संगीत कुणाचं, तर जेरोम कर्नचं. ज्याच्या ‘शो बोट’पायी लेमलींची कंपनी गेली होती तोच कर्न. पुढच्या वर्षीचा ‘लेडी ऑन अ ट्रेन’ हा रहस्यपट गमतीदार आहे. त्याचा फ्रेंच दिग्दर्शक शार्ल दाविद पुढे या गोष्टीत परत येतो.

आकडे पाहिले तर ती शिखरावर होती. १९४६ मध्ये तिची कमाई ३,२३,४७७ डॉलर. अमेरिकेतल्या बायकांत तिच्या पुढे एकटी बेट्टी डेव्हिस, ३,२८,००० वाली. पुढच्या वर्षी डर्बिन पहिली. चित्रपट मात्र दरसाल पातळ होत गेले. ते ती स्वतःही जाणून होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. शेवटच्या तीनचार चित्रपटांत ती सुरात आहे, बाकी कुठेच नाही. दुसरं लग्नही मोडत आलं होतं, पदरात लहान मुलगी होती. युनिव्हर्सलचं दुसऱ्या कंपनीशी विलीनीकरण झालं, नव्या साहेबांनी आगाऊ दिलेल्या ८७,०८३ डॉलरसाठी १९४८ साली तिच्यावर दावा लावला, मग आणखी तीन चित्रपट करायची तडजोड झाली. त्यांतला एकही निघाला नाही. १९४९ मध्ये करार संपला आणि ती गेली. नावावर २१ चित्रपट, वय २७.

१९५० च्या डिसेंबरात तिने शार्ल दाविदशी लग्न केलं आणि फ्रान्सला जाऊन राहिली. तिची एकच अट होती म्हणतात, कुणीही नसलेल्या साध्या माणसासारखं जगता यावं याची हमी. नवऱ्याने १९९९ मध्ये डोळे मिटेपर्यंत ती पाळली. बोलावणी येत राहिली. पास्टरनाक तर थकत नव्हता. ब्रॉडवेवर ‘माय फेअर लेडी’ उभं राहत होतं तेव्हा लेखक ॲलन जे लर्नर यांच्या मनात एलायझा म्हणून पहिलं नाव तिचं होतं. ती नाही म्हणाली. रंगमंचावर ती भूमिका ज्युली अँड्र्यूजला गेली, पडद्यावर ऑड्री हेपबर्नला, आणि हेपबर्नला वरचे सूर झेपेनात म्हणून गळा मार्नी निक्सनचा वापरला गेला. हीच हेपबर्न १९९२ मध्ये रायांच्या ऑस्करची घोषणा करायला मंचावर उभी होती. रायांनी पहिलं नाव घेतलं ते डर्बिनचं. अशी गाठ कुठल्या पटकथाकाराने घातली असती तर आपण नाकं मुरडली असती.

पळून गेलेल्या बाईभोवती अफवा जमतातच. ती भयंकर लठ्ठ झाली, तोंड दाखवायची लाज वाटते, अशी एक अफवा वर्षानुवर्षं चालली. १९८० च्या सुमारास तिने स्वतःचा एक ताजा फोटो छापायला पाठवून दिला. पांढरे होऊ लागलेले केस, हसरा चेहरा, नेटकं अंग. तेवढ्यावर विषय संपला. १९८३ साली डेव्हिड शिपमन या चित्रपट-अभ्यासकाला तिने मुलाखत दिली. चित्रसंन्यासानंतरच्या चौसष्ट वर्षांतली ती एकमेव. आपला खरा चांगला चित्रपट एकच, ‘ख्रिसमस हॉलिडे’, असं ती मानत आली. पडद्यावरची डिॲना म्हणजे लाखो आईबापांना हवीशी वाटणारी आदर्श लेक, तिचा माझ्याशी काही संबंध नाही, हेही तिने अनेक वर्षांपूर्वी पत्रातून कळवून टाकलं होतं. कडवटपणा नाही. नोकरी सोडलेला माणूस जुन्या कचेरीविषयी बोलेल तसं.

१९७८ च्या ऑक्टोबरात अयातुल्ला खोमेनी इराकमधून बाहेर पडले आणि चार महिने त्याच नोफ्ल-ल-शातोमध्ये राहिले. जगभरचे वार्ताहर, कॅमेरे, दूरचित्रवाणीच्या गाड्या, सगळा लोंढा त्या चिमुकल्या गावावर आदळला. डर्बिन त्या परिसरात स्थायिक होऊन तेव्हा पाव शतक उलटलं होतं. एकेकाळी जिच्या एका चुंबनाची बातमी होत असे ती बाई, तिच्या दारावरून हॉलिवूडसकट सगळ्या जगाचे कॅमेरे जात असताना, स्वस्थ होती. तिला आणखी काय हवं होतं?

तिच्या बरोबरीने त्या चौथऱ्यावर चढलेली जुडी गार्लंड १९६९ मध्ये लंडनला वारली, सत्तेचाळिसाव्या वर्षी, झोपेच्या गोळ्यांच्या अतिरेकाने. दोघींची तुलना करून एकीला शहाणी आणि दुसरीला दुर्दैवी ठरवायचा मोह प्रत्येक लिहिणाऱ्याला होतो. गार्लंड जास्त मोठी कलावंत होती, हे मात्र तुलना करायचीच तर प्रामाणिकपणे सांगून टाकायला हवं. डर्बिनचा गळा तिच्यापेक्षा सरस होता, इतकंच.

डर्बिन २०१३ च्या एप्रिलमध्ये गेली, एक्याण्णव वर्षांची होऊन. ही बातमी जगाला कळली ती महिनाअखेरीस, तिच्या चाहत्यांच्या मंडळाने काढलेल्या पत्रिकेतून.

तिचे सगळेच्या सगळे चित्रपट पाहायची गरज नाही. निम्मे तर तिलाही सोसले नव्हते. आधी ‘एव्हरी संडे’ची ती ११ मिनिटं पाहा, मग जिन्यावरच्या वाद्यवृंदासाठी ‘वन हंड्रेड मेन अँड अ गर्ल’. ‘ख्रिसमस हॉलिडे’ शेवटी ठेवा, आणि तो रात्री पाहा.